मोलिएर, व्हाया पारोळा

धुळ्याहून जळगावला निघालं की वाटेत पारोळा लागतं, मग एरंडोल, मग जळगाव. पारोळ्याची ओळख विचारली तर लोक किल्ला सांगतात आणि झाशीच्या नेवाळकर घराण्याशी असलेलं नातं सांगतात. ८ मार्च १८६४ ला याच गावात हरि नारायण आपटे जन्मले, हे फार थोडे सांगतात. शाळेच्या पुस्तकात ते 'पण लक्षात कोण घेतो'चे लेखक, 'करमणूक'चे संपादक, मराठी कादंबरीचे जनक वगैरे असतात. या सगळ्या ओळखींच्या खाली एक ओळख पार दबून गेली आहे. फ्रेंच रंगभूमीवरची मोठी नाटकं मराठीत ओढून आणणाऱ्या पहिल्या काही माणसांत पारोळ्यात जन्मलेला हा माणूस होता.

इथे खानदेशी अभिमान फार फुगवायला नको. आपट्यांचं बालपण मुंबईत आणि पुढचं सगळं आयुष्य पुण्यात गेलं. पारोळ्यात त्यांनी नाटक लिहिलं नाही, बसवलं नाही. पण आमच्याकडे 'नाटक पुण्या-मुंबईत होतं, आपल्याकडे दौऱ्यावर येतं' असं म्हणायची जी सवय आहे, तिच्यावर मला हा जन्मदाखला ठेवावासा वाटतो. निदान बोलणं तरी सुरू होईल.

आपट्यांच्या नाटकांची यादी पाहिली की गंमत वाटते. 'मारून मुटकून वैद्यबुवा', 'जबरीचा विवाह', 'धूर्तविलसित' ही तिन्ही मोलिएरवरून. 'जयध्वज अथवा असूयाग्निशमन' हे व्हिक्टर ह्यूगोच्या 'एर्नानी'वरून. 'सुमतिविजय' शेक्सपिअरवरून. ज्या लेखकानं विधवा यमूची हकिकत लिहून आख्ख्या महाराष्ट्राला रडवलं, तोच दुसऱ्या हातानं लाकूडतोड्याला चोप देऊन डॉक्टर बनवत होता. 'मारून मुटकून' हा शब्दप्रयोग तर मला मूळ फ्रेंच नावापेक्षा सरस वाटतो. फ्रेंच नावाचा अर्थ 'मनाविरुद्ध झालेला वैद्य' इतकाच. मराठीत मार ऐकू येतो.

आता 'एर्नानी'कडे वळतो, कारण रडणं आणि हसणं एका ताटात वाढायचं की नाही, हे भांडण तिथे सर्वांत मोठं झालं.

फ्रान्समध्ये हे भांडण जुनं होतं. १६३७ साली पिएर कॉर्नेयचं 'ले सिद' पॅरिसमध्ये आलं. नायकाच्या म्हाताऱ्या बापाला थोबाडीत बसते. मारणारा कोण? तर नायकाच्या प्रेयसीचाच बाप. नायकानं बापाची अब्रू राखायची तर प्रेयसीच्या बापाला मारायचं, प्रेम राखायचं तर अब्रू सोडायची. तो मारतो. ती त्याचं डोकं मागते आणि त्याच्यावर प्रेमही करत राहते. शेवटी राजा सांगतो, वर्षभर थांबा, मग लग्न करा. कॉर्नेयनं या नाटकाला 'त्राजी-कोमेदी' म्हटलं, म्हणजे शोक-सुखाचं मिश्रण. प्रेक्षक खूश झाले आणि पंडित खवळले. बापाच्या मारेकऱ्याशी लग्न? एका दिवसात इतक्या घटना? प्रकरण नव्यानं स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीपर्यंत गेलं आणि अकादमीनं नाटकाच्या चुका काढणारा निवाडा छापला. १६४८ च्या आवृत्तीत कॉर्नेयनं मुकाट्यानं लेबल बदललं आणि 'त्राजेदी' केलं. नाटकाच्या वर काय लिहायचं यावरून लेखकाला इतका मनस्ताप झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षं नियम घट्ट राहिले. राजानं राजासारखं बोलायचं, विनोद नोकरांनी करायचा, तोही वेगळ्या नाटकात. १८२७ मध्ये पंचवीस वर्षांच्या ह्यूगोनं 'क्रॉमवेल' या नाटकाच्या प्रस्तावनेत ठणकावलं, की आयुष्यात भव्य आणि भोंगळ शेजारी-शेजारी राहतात, तर नाटकात वेगळे का? फेब्रुवारी १८३० मध्ये 'एर्नानी' रंगमंचावर आलं. पहिल्याच अंकात स्पेनचा राजा एका कपाटात लपून बसतो. हे प्रहसनाचं काम, आणि ते करणारा माणूस पुढे सम्राट होणारा. पॅरिसचे जुने रसिक शिट्ट्या घालत होते, ह्यूगोची तरुण मंडळी टाळ्यांनी त्यांना दाबत होती, आणि तेओफिल गोतिए नावाचा कवी त्या दिवशीच्या त्याच्या लालभडक जाकिटामुळे इतिहासात गेला. या प्रकाराला फ्रेंच लोक आजही 'एर्नानीची लढाई' म्हणतात. शेवटी मात्र नाटक हसत नाही. नायकानं एका म्हाताऱ्या सरदाराला वचन दिलेलं असतं, की तू शिंग फुंकलंस की माझा जीव तुझा. लग्नाच्या रात्री शिंग वाजतं. म्हाताऱ्याचंही त्याच मुलीवर मन असतं. नवरा-नवरी दोघं विष घेतात.

आपट्यांनी हे मराठीत आणताना नायकाचं नाव 'जयध्वज' केलं आणि उपशीर्षकात असूयेच्या आगीचं शमन घातलं. नाटकाचं वजन नायकावरून मत्सरावर सरकलं. मराठीत या मिश्रणावरून मात्र कुणी कुणाला शिट्ट्या घातल्या नाहीत, कारण आपल्याकडे तो मुद्दाच नव्हता. १८८७ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचं 'मृच्छकटिक' मराठीत आलं होतं. त्यात चारुदत्ताला सुळी द्यायला नेतात आणि त्याच नाटकात शकार मूर्खपणाची कमाल करतो, विदूषक खाण्याच्या गोष्टी करतो, चोर घरफोडीच्या कलेवर व्याख्यान देतो. शूद्रकाला अकादमीपुढे उभं राहावं लागलं नाही. संस्कृत नाटकाचा विदूषक राजाच्या मांडीला मांडी लावून बसतो. आणि खानदेशातल्या तमाशात किंवा वहीगायनात सोंगाड्या गंभीर आख्यानाच्या मध्ये घुसतो तेव्हा कुणाला रसभंग वाटत नाही. उलट सोंगाड्या आला नाही तर लोक उठून जातात. ज्यासाठी पॅरिसमध्ये लढाई झाली, ते पारोळ्याच्या जत्रेत चहा पिता-पिता होत होतं.

म्हणून मला वाटतं, फ्रेंच नाटकं मराठीत इतक्या सहज रुजली याचं श्रेय एकट्या रूपांतरकारांना देऊ नये. जमीन आधीच नांगरलेली होती.

आता मोलिएरकडे येतो, कारण खरा माल तिथे आहे.

मोलिएरनं स्वतःसाठी एक पात्र बनवलं होतं, स्गानारेल. एकच माणूस नव्हे, एक मुखवटा म्हणा. प्रत्येक नाटकात तो वेगळा, पण नाव तेच आणि भित्रेपणा तोच. १६६० च्या 'स्गानारेल' या एकांकी पद्यनाटकात तो संशयी नवरा आहे. १६६४ च्या 'ल मारियाज फोर्से'मध्ये तो पन्नाशी उलटलेला, तरुण मुलीशी लग्न ठरवून मग घाबरलेला माणूस आहे. १६६६ मध्ये तो लाकूडतोड्या, ज्याची बायको सूड म्हणून दोन नोकरांना सांगते, की हा थोर वैद्य आहे, फक्त मारल्याशिवाय कबूल होत नाही. तिन्ही भूमिका मोलिएर स्वतः करायचा. आणि तिन्ही स्गानारेल मराठीत आले. वैद्यबुवा आणि 'जबरीचा विवाह' आपट्यांनी आणले. पहिला, संशयी नवरा, देवलांनी आणला. तो वाकड्या वाटेनं आला आणि सर्वांत जास्त टिकला.

'जबरीचा विवाह' त्या काळात नुसतं प्रहसन म्हणून ऐकू आलं नसणार. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं घराघरांत भांडणं लावली होती, आणि १८९९ मध्ये देवलांच्या 'शारदे'नं म्हाताऱ्या भुजंगनाथाचं घोडं थेट रंगमंचावर आणून उभं केलं. मोलिएरचा म्हातारा लग्नाला घाबरून पळू बघतो आणि मुलीचा भाऊ त्याला छडीनं मारून बोहल्यावर चढवतो. आपला भुजंगनाथ पळत नाही. आपल्याकडे पळायची वेळ मुलीवर येते.

आता तो संशयी नवरा. त्याची वाट अशी. मोलिएरच्या १६६० च्या नाटकात एक मुलगी रस्त्यात चक्कर येऊन पडते. तिच्या हातातून प्रियकराची छोटी तसबीर गळते. स्गानारेल तिला सावरायला धावतो, हे त्याची बायको खिडकीतून पाहते आणि समजायचं ते समजते. खाली येते, तिला तसबीर सापडते, ती न्याहाळत असताना नवरा पाहतो आणि तोही समजायचं ते समजतो. इतकंच. पुढचं सगळं नाटक या एका तसबिरीवर चालतं. मोलिएरच्या हयातीत त्याच्या मंडळींनी सर्वांत जास्त वेळा केलेलं नाटक हेच. ते इतकं गाजलं, की एका चाहत्यानं प्रयोग पाहून-पाहून पाठ केलं आणि मोलिएरला न विचारता छापून टाकलं. पायरसीला टेलिग्राम लागत नाही.

शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, आर्थर मर्फी या आयरिश नाटककारानं लंडनमध्ये हा धागा उचलून 'ऑल इन द राँग' हे पाच अंकी नाटक केलं. एकांकीचे पाच अंक झाले, नवऱ्याला 'सर' लागलं, नोकर-मोलकरणी वाढल्या. मर्फीचं ते नाटक देवलांच्या हाती लागलं आणि १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक झालं. पुढे देवलांनीच त्यात पदं घातली, आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं ते 'संशयकल्लोळ' या नावानं आणलं. देवल त्याच वर्षी गेले.

देवलांनी पात्रांची नावं पंचांगातून घेतली, हे तुम्हाला माहीत असेल. पुरुष महिन्यांचे आणि बायका नक्षत्रांच्या: फाल्गुनराव, आश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी. मी एकदा कॅलेंडर काढून बसलो. रेवती हे सत्ताविसावं, म्हणजे शेवटचं नक्षत्र आणि अश्विनी पहिलं. एक संपलं की दुसरं लागतं. आश्विन-रेवती जोडी जमणारच. फाल्गुनी आणि कृत्तिका यांच्यामध्ये मात्र सात नक्षत्रं उभी आहेत. देवलांनी हे मोजून केलं असा माझा दावा नाही, पण मोजल्यावर फार बरं वाटलं.

नावांपेक्षा मोठा बदल रेवतीचा आहे. मोलिएरची मुलगी मध्यमवर्गीय घरातली, बापाच्या धाकातली. मर्फीची मुलगीही चांगल्या घरची. देवलांनी तिला नायकिणीची मुलगी केलं. का, ते स्पष्ट आहे. १८९३ च्या मराठी समाजात कुलीन घरातली अविवाहित तरुणी स्वतःच्या मनानं प्रेम करते, प्रियकराची तसबीर जवळ बाळगते आणि रस्त्यानं एकटी फिरते, हे प्रेक्षकाच्या पचनी पडलं नसतं. मुलींची लग्नं दहाव्या-बाराव्या वर्षी होत होती. प्रेम करायला मोकळी तरुणी हवी तर ती नायकिणीच्याच घरी सापडायची. ही अडचण होती, पण अडचणीतून देवलांना काहीतरी मिळालं. त्यांच्या हाताखालून सहा वर्षांपूर्वीच वसंतसेना गेली होती, गणिका असून शेवटी चारुदत्ताची वधू होणारी. रेवतीच्या अंगात अर्धं रक्त पॅरिसचं आणि अर्धं उज्जयिनीचं आहे. तिच्यासाठी लग्न म्हणजे जातिबंधनातून सुटका. म्हणून आश्विनशेठ तिच्यावर संशय घेतो तेव्हा पणाला काय लागलंय ते मोलिएरच्या मुलीपेक्षा कितीतरी जास्त आहे. फ्रेंच मुलीला प्रियकर गेला तर बाप दुसरा नवरा शोधेल. रेवतीला आश्विनशेठ गेला तर आईचा धंदा आहेच. प्रहसनाच्या पोटात ही शोकांतिका गपचूप बसलेली आहे. कुणी त्याला त्राजी-कोमेदी म्हटलं नाही, पण मला कॉर्नेयपेक्षा इथे ते लेबल जास्त शोभतं.

आणि देवलांनी १८९० मध्ये, म्हणजे तीनच वर्षं आधी, 'झुंझारराव' लिहिलं होतं. ते 'ऑथेल्लो'चं रूपांतर. तिथे एक हातरुमाल, इथे एक तसबीर. तिथे नवरा बायकोचा गळा दाबतो, इथे नवरा लपून-छपून पाळत ठेवतो आणि शेवटी खजील होतो. वस्तू तितकीच क्षुल्लक, पुरावा तितकाच पोकळ. एकाच लेखकानं एकाच रोगाची दोन टोकं तीन वर्षांत लिहिली. ही दोन नाटकं एका आठवड्यात पाठोपाठ करावीत असं मला फार वाटतं. हसलेले प्रेक्षक दुसऱ्या दिवशी कुठे हसले होते ते आठवतील.

मोलिएरलाही हे माहीत होतं. त्याचा स्गानारेल सूड घ्यायला चिलखत चढवून बाहेर पडतो. प्रतिस्पर्धी समोर येऊन विचारतो, हे काय घातलंय? तर म्हणतो, पावसासाठी. त्याआधी तो अब्रू मोठी की जीव मोठा यावर लांबलचक स्वगत म्हणतो आणि जीव मोठा ठरवतो. 'ले सिद'मध्ये तरुण नायक अब्रू मोठी की प्रेम मोठं यावर आपलं प्रसिद्ध स्वगत म्हणतो आणि अब्रू मोठी ठरवतो. दोन्ही पाठोपाठ वाचली की मोलिएर कुणाची टर उडवतोय ते कळतं. अब्रूपायी खून करणाऱ्या नायकावर टाळ्या वाजवणाऱ्या पॅरिसला त्यानं तेवीस वर्षांनी एक भित्रा माणूस दाखवला, ज्याच्या भित्रेपणामुळे कुणीच मरत नाही.

यात खानदेश कुठे आला? दोन ठिकाणी आला.

पहिलं ठिकाण जळगाव. सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचा नारायण श्रीपाद राजहंस लहानपणी जळगावला आबासाहेब म्हाळस या आप्तांकडे होता. तिथे मेहबूबखाँकडे त्याचं गाणं सुरू झालं. तोच पुढे बालगंधर्व. १९०५ मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यानं गंधर्व नाटक मंडळी काढली. 'संशयकल्लोळ'मध्ये बोडस फाल्गुनराव आणि बालगंधर्व रेवती. ज्या रेवतीवर महाराष्ट्र भाळला, तिच्या गळ्याची पहिली मशागत जळगावात झाली होती. आज जळगावात त्याच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, आणि बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. महोत्सवात येणाऱ्या किती जणांना मेहबूबखाँचं नाव माहीत असतं, हे एकदा विचारून पाहायला हवं.

दुसरं ठिकाण रेल्वेचं. नाटक कंपनी म्हणजे फिरता संसार. पन्नास-साठ माणसं, पडदे, पेट्या, आचारी, कर्ज. ती तिथेच जाऊ शकते जिथे आगगाडी जाते आणि जिथे लोकांच्या खिशात पीक विकल्याचे पैसे असतात. जळगाव-भुसावळ हा पट्टा मुंबईहून नागपूर आणि उत्तरेकडे जाणाऱ्या जीआयपी लोहमार्गावर १८६० च्या दशकातच आला होता. १९०० साली चाळीसगावहून फाटा निघून धुळं जोडलं गेलं, आणि त्याच सुमाराला तापी खोऱ्यातून सुरतेकडून येणारी गाडी अमळनेरमार्गे जळगावला पोचली. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, जळगाव आणि धुळे ही दोन मुख्य ठिकाणं झाली. कापसाचा हंगाम, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडत्ये, वकील, कारकून. नाटक कंपनीला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं? वऱ्हाडात जाताना खानदेश आणि वऱ्हाडातून येताना खानदेश, असं त्या दौऱ्यांचं गणित असायचं.

मोलिएरची कंपनीही अशीच होती, हे विसरायला नको. १६४३ मध्ये त्यानं पॅरिसमध्ये 'इल्युस्त्र तेआत्र' काढलं. नावाचा अर्थ 'नामांकित रंगभूमी'. दोन वर्षांत ती बुडाली आणि कर्जापायी मोलिएर तुरुंगात जाऊन आला. मग तो आणि त्याचे सोबती गाड्यांवर सामान लादून दक्षिण फ्रान्समध्ये फिरले, तेरा वर्षं. १६५८ मध्ये पॅरिसला परतले तेव्हा मोलिएरला कळलेलं होतं, की गावाकडचा माणूस कशाला हसतो. बालगंधर्वांचं गणित उलट झालं. कंपनी आधी वैभवात, मग लाखाच्या घरातल्या कर्जात, आणि बोलपट आल्यावर बंद. पण रोजचं दुखणं दोघांचं सारखंच: उद्याच्या मुक्कामाचं भाडं.

आता कंपन्या नाहीत, हौशी संस्था आहेत. राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्तानं जळगाव-धुळ्यात दहा-बारा माणसं दिवाळीच्या पुढे-मागे नोकऱ्या सांभाळून रात्री तालमी करतात. शाळेचा वर्ग, बाकं भिंतीला लावलेली, पंखा आवाज करतो म्हणून बंद. अशा एका छोट्या संस्थेच्या तालमींना मी काही रात्री बसलो होतो. 'संशयकल्लोळ' करायचं चाललं होतं, बरीचशी पदं गाळून. गायचं कुणाला येत होतं?

तिथे दोन वाद झाले आणि दोन्ही मला पुस्तकांपेक्षा उपयोगी पडले.

एक वाद भाषेचा. फाल्गुनराव करणारा मुलगा साक्रीकडचा. घरी अहिराणी. संवाद म्हणताना त्याचा 'ळ' घसरायचा, वाक्याच्या शेवटी आवाज वर जायचा. दिग्दर्शक त्याला पुणेरी वळण लावायच्या मागे. एका रात्री चहाच्या वेळी तो नुसता मजा म्हणून कृत्तिकेला म्हणाला, "कथा जाई ऱ्हायनी?" कुठे निघालीस, इतकंच. सगळे हसले, पण मला त्या तीन शब्दांत पहिल्यांदा खरा संशय ऐकू आला. देवलांच्या छापील वाक्यात तो सभ्य होतो. मी मोलिएरचा दाखला दिला: 'वैद्यबुवा'च्या मूळ नाटकातले नोकर आणि दाई पॅरिसची दरबारी फ्रेंच बोलत नाहीत, खेड्यातली बोलतात, 'दों जुआँ'मध्येही तसंच. म्हणजे ज्याच्यामुळे हे नाटक जन्मलं तोच माणूस बोलीला घाबरत नव्हता. दिग्दर्शक म्हणाला, परीक्षक घाबरतात. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी भादव्याला अहिराणी मिळाली आणि फाल्गुनरावाला प्रमाण. नोकराला बोली, मालकाला ग्रंथभाषा. मोलिएरचाच नियम झाला म्हणा, पण मला तो साक्रीचा मुलगा आठवतो, ज्याची भाषा नोकराला देऊन टाकली.

दुसरा वाद कृत्तिका करणाऱ्या मुलीनं काढला. ती एका बँकेत काम करत होती. तिचं म्हणणं सरळ होतं. फाल्गुनराव बायकोची पाळत ठेवतो, तिच्या वस्तू तपासतो, धमकावतो, आणि प्रेक्षक हसतात. हे मी रोज ऐकते, माझ्या मैत्रिणींचे नवरे फोन तपासतात, मला यात हसू येत नाही. कुणीतरी म्हणालं, कृत्तिकाही नवऱ्यावर तितकाच संशय घेते की. ती म्हणाली, घेते, पण तिच्या संशयानं फाल्गुनरावाचं काय बिघडतं?

हे मला मोलिएरवरच्या कुठल्याही टीकेत इतकं नीट सापडलं नव्हतं. नाटक दोघांचा संशय बरोबरीचा दाखवतं, म्हणून ते विनोदी होतं. समाज बरोबरीचा नसतो, म्हणून त्याच्या आत 'झुंझारराव' दडलेलं असतं. तिनं मग कृत्तिका वेगळी केली. इतरजण तिला वचवच करणारी बायको करतात. हिनं तिला हिशेब ठेवणारी केली. नवरा ओरडायला लागला, की ती आधी दार कुठे आहे ते पाहायची. एवढंच. पहिल्या रांगेत कुणाच्या लक्षात येईल-न येईल, पण फाल्गुनराव करणाऱ्या मुलाच्या आलं, आणि त्याचा आवाज आपोआप खाली आला. संशय घेणारा माणूस मोठ्यानं बोलतो त्यापेक्षा हळू बोलतो तेव्हा जास्त भीती वाटते, हे त्याला तालमीत कुणी शिकवलं नव्हतं.

फोनचा विषय निघालाच होता, तर कुणीतरी सुचवलं, की तसबिरीऐवजी मोबाईलच घेऊ. आजचं नाटक होईल. रेवती चक्कर येऊन पडते, हातातून मोबाईल निसटतो, कृत्तिका उचलते, स्क्रीनवर आश्विनशेठचा फोटो. सगळ्यांना कल्पना आवडली, मलाही. एक रात्र तसं करून पाहिलं. चाललं नाही. फोन उचलला की स्क्रीन काळी, लॉक पडलेलं. वॉलपेपरला फोटो ठेवला तर पाचव्या रांगेच्या पुढे दिसत नाही. रेवतीनं स्वतःचा फोन कॉल करून शोधला असता, मग दुसरा अंकच नको. आणि सर्वांत महत्त्वाचं, फोन कुणाचा आहे हे लगेच कळतं. तसबीर कुणाची आहे ते कळतं, पण कुणाकडची आहे ते कळत नाही. साडेतीनशे वर्षं हे नाटक त्या एका फटीवर उभं आहे. तसबीर मुकी असते, हातोहात फिरते, आणि जो उचलेल त्याची होते.

मग पासपोर्ट फोटो करून पाहिला. तो मागे दिसेना. शेवटी धुळ्यातल्या एका फोटो स्टुडिओतून पोस्टकार्डाच्या आकाराची लाकडी चौकट आणली, काच काढून टाकली, कारण पडल्यावर फुटायची भीती आणि दिव्यात चमकायची. आश्विनशेठचा त्यात लावलेला फोटो त्याच्या बहिणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला. प्रयोगाच्या रात्री रेवती पडली, चौकट पालथी पडली, आणि कृत्तिकेनं ती उचलून पाहण्याआधी पदराला पुसली.

ते कुणी ठरवलं नव्हतं.